हरवलेला गामा: कोबाल्ट-६० वापरून हलक्या कृष्णद्रव्याचा शोध, कोकणातल्या कॉलेज प्रयोगशाळेत कितपत जमेल?

भरतीओहोटी

कृष्णद्रव्य (डार्क मॅटर) म्हटलं की खाणीत पुरलेला टनावारी द्रवरूप झेनॉन आठवतो. ती यंत्रणा प्रोटॉनपेक्षा बऱ्याच जड कणांसाठी आहे. कण एमईव्हीच्या (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट, प्रोटॉनच्या साधारण हजाराव्या हिश्श्याच्या) घरातला किंवा त्याहून हलका असेल तर झेनॉनच्या केंद्रकाला त्याचा धक्का इतका क्षीण बसतो की काहीच नोंदलं जात नाही. मग उलटी वाट धरायची: उत्तेजित केंद्रक खाली येताना गामाऐवजी तोच कण बाहेर टाकतं का, ते बघायचं.

कोबाल्ट-६०चा क्षय झाला की निकेल-६० दोन पायऱ्यांनी खाली उतरतं. आधी ११७३ केईव्हीचा (एक केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) गामा, लगेच मागून १३३२ केईव्हीचा. पहिला दिसला म्हणजे दुसरा यायलाच हवा. सगळीकडे डिटेक्टर असूनही तो आला नाही, तर एक तर तो आपल्या हातून निसटला किंवा त्याच्या जागी भलतंच काही बाहेर पडलं. बेनाटो, ड्रोबिझेव्ह, राजेंद्रन आणि रमणी यांनी २०१८मध्ये ही कल्पना नीट मांडली. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या गटाने सुमारे २०० किलो सीझियम आयोडाइड वापरून तिची व्यवहार्यता तपासली आहे.

रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यातल्या एखाद्या पदव्युत्तर विभागात काय असू शकतं ते धरून चालू: तीन इंच बाय तीन इंचाचे चार सोडियम आयोडाइड स्फटिक (गामा आदळला की चमकणारे डिटेक्टर), त्यांचे स्पंद आकड्यांत नोंदवणारा आठ चॅनेलचा डिजिटायझर, कोबाल्ट-६० आणि सोडियम-२२च्या सीलबंद चकत्या. एवढ्यावर कुठवर जाता येईल? टॅग, म्हणजे क्षय झाल्याची खूण, कुठल्या गामावर लावायचा? आणि पावसाळ्याचं काय?

अर्धायुष्य

टॅगचं आधी ठरवा, बाकी सगळं त्यावर आहे.

वर्णपटात १३३२चं शिखर मोकळं दिसतं, म्हणून त्याच्यावर टॅग लावून ११७३ गायब आहे का बघू, असं पटकन वाटतं. ते करू नका. कोबाल्ट-६०चे सुमारे ०.१२ टक्के क्षय सरळ १३३२च्या पातळीवर उतरतात, त्यांत ११७३ नसतोच. म्हणजे हजारात एकाहून जास्त वेळा तुम्हाला 'हरवलेला गामा' सापडेल आणि त्यात नवं काहीही नसेल. ११७३वर टॅग लावला तर ही अडचण नाही, कारण ११७३ निघाला म्हणजे केंद्रक १३३२च्या पातळीवर आलंच.

सोडियम-२२चंही तसंच. पॉझिट्रॉन नष्ट होताना निघणारे ५११ केईव्हीचे दोन गामा पाठीला पाठ लावून पकडायचे आणि १२७४.५चा शोधायचा, हा टॅग दिसायला फार स्वच्छ. पण सुमारे ०.०६ टक्के पॉझिट्रॉन-क्षय थेट निऑन-२२च्या मूळ पातळीवर जातात. दहा हजारांत सहाचा तो तळ कुठल्याही शिशाने खाली जात नाही. शोधासाठी कोबाल्ट ठेवा, सोडियम-२२ गळती मोजायला ठेवा. १२७४ आणि १३३२ ऊर्जेने शेजारीच आहेत.

कोबाल्टलाही तळ आहे, तो अंतर्गत रूपांतरणाचा. दर दहा हजारांत एक-दीड वेळा १३३२ची ऊर्जा गामा न होता कवचातल्या इलेक्ट्रॉनला मिळते आणि तो इलेक्ट्रॉन चकतीच्या प्लास्टिकमध्ये किंवा डिटेक्टरच्या डब्यात अडकू शकतो. याच्या खाली जायचं तर स्रोत सिंटिलेटरच्या (चमकणाऱ्या डिटेक्टरच्या) आत बसवावा लागेल. सीलबंद चकतीने ते होणार नाही आणि उघडा स्रोत कॉलेजात आणायचा विचारही करू नका.

सिंधुदुर्गी

माका येक सांगा, जो गामा गावाकच नाय तो 'हरवलो' की जाळ्याच्या भोकातसून गेलो, ह्यां तुमी कसां ठरवतलास?

अर्धायुष्य

@सिंधुदुर्गी, सगळा प्रयोग या एका प्रश्नाचा आहे. भोकं किती मोठी ते आकड्यांत सांगतो.

१३३२ केईव्हीचा गामा सीझियम आयोडाइडमध्ये सरासरी साडेचार सेंटिमीटरांच्या आसपास गेल्यावर पहिल्यांदा टक्कर देतो, सोडियम आयोडाइडमध्ये सव्वापाच-साडेपाच. काहीही न करता पार जाण्याची शक्यता जाडीबरोबर घातांकी पद्धतीने घटते. स्रोताभोवती सीझियम आयोडाइडचा भरीव गोळा आहे असं समजा:

त्रिज्या १० सेंमी: दहातला एक निसटतो. वजन साधारण १९ किलो.
त्रिज्या २० सेंमी: शंभरातला एक. १५० किलो.
त्रिज्या ३० सेंमी: हजारातला एक. ५०० किलो.
त्रिज्या ६० सेंमी: दहा लाखांत एक. चार टनांहून जास्त.

टेक्सासवाल्यांचे २०० किलो कशासाठी ते यावरून कळेल. आता चार सोडियम आयोडाइडचं बघा. चकती दोन स्फटिकांच्या तोंडांमध्ये ठेवली आणि दोन्हीकडे ५ मिमी अंतर राहिलं, तर एका स्फटिकाच्या वाट्याला जास्तीत जास्त ४३-४४ टक्के घनकोन (सगळ्या दिशांतला वाटा) येतो. पूर्ण तीन इंच आरपार जाणाऱ्या गामांपैकीही जवळजवळ चौथा हिस्सा न आदळता सुटतो आणि कडेने तिरके जाणारे त्याहून जास्त. त्यामुळे टॅगच्या समोरचा स्फटिक १३३२ पकडणार जेमतेम तीसेक टक्के वेळा. उरलेले दोन बाजूंना लावले तरी 'हरवलेल्यां'ची मोठी रास उरेलच.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. इथे पूर्ण ऊर्जेचं शिखर लागत नाही. बाकीच्या स्फटिकांत कुठेही ५० केईव्हीपेक्षा जास्त काही पडलं की गामा 'आला' असं धरायचं. नेहमीच्या गामा स्पेक्ट्रोस्कोपीत कॉम्प्टन पठार (गामा थोडीच ऊर्जा टाकून निसटल्याच्या नोंदी) नकोसं असतं, इथे त्यातली प्रत्येक नोंद कामाची आहे.

भरतीओहोटी

मग स्रोत जोरकस घेऊन गळती भरून काढता येणार नाही?

अर्धायुष्य

नाही. ५ किलोबेकरेलची चकती घ्या. टॅग स्फटिकात ११७३चं पूर्ण शिखर धरण्याची एकूण शक्यता पाचेक टक्के धरली तर सेकंदाला २५० टॅग, दिवसाला दोन कोटींहून जास्त. सांख्यिकी दृष्ट्या एका दिवसात तुम्ही गळतीच्या कितीतरी खाली पोचता. स्रोत दहापट केला तर फक्त पाइल-अप (एकावर एक चढलेले स्पंद) वाढेल. कोबाल्ट-६०साठी आंतरराष्ट्रीय सूट-मर्यादा १०० किलोबेकरेल आहे, आपल्याला तिच्या जवळपासही जायची गरज नाही. तरीही स्रोत रीतसर मागवा आणि एईआरबीचे (अणुऊर्जा नियामक मंडळाचे) नियम, नोंदवही हे विभागाने आधी बघून घ्या.

जांभ्याची_भिंत

पार्श्वभूमीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण कोकणात तिचं वागणं देशावरच्यापेक्षा वेगळं आहे.

टॅगची खिडकी ११६५ ते १२२० केईव्ही धरली, तर तिच्यात बाहेरून काय पडतं? पोटॅशियम-४०चा १४६१ केईव्हीचा गामा. त्याची कॉम्प्टन कडा (पठार संपतं ती जागा) १२४३ केईव्हीला येते, म्हणजे तुमची खिडकी बरोबर त्याच्या पठाराखाली आहे. थोरियम साखळीतल्या थॅलियम-२०८ची २६१४ केईव्हीची रेषा आणि तिचं लांबलचक पठार. रेडॉनचं अपत्य बिस्मथ-२१४: ११२० आणि १७६४. सोडियम आयोडाइडचं विभेदन (ऊर्जेच्या मानाने शिखराची रुंदी) ६६२ केईव्हीला ७ टक्के असेल तर ११७३ला शिखराची रुंदी साठेक केईव्ही भरते, त्यामुळे ११२०ची शेपटीही आत शिरते.

यांतले बरेचसे गामा एकटेच येतात. टॅग स्फटिकात ११९० केईव्ही टाकलं, विखुरलेला उरला भाग बाहेर पळाला, बाकी स्फटिक गप्प. अगदी हव्या त्या घटनेसारखी घटना! समजा खिडकीत अशा नोंदी सेकंदाला अडीच आहेत आणि खरे टॅग २५०. म्हणजे एक टक्का खोटं कृष्णद्रव्य बसल्या जागी तयार.

जांभ्याचं थोडं निराळं आहे. पावसाने झिजून पोटॅशियम धुऊन गेलेलं असतं, थोरियम मात्र लोहाच्या ऑक्साइडांबरोबर मागे राहतं. म्हणून जांभ्याच्या खोलीत १४६१ कमी आणि २६१४ तुलनेने ठळक अशी जोडी दिसू शकते. भिंत जांभ्याची, गिलाव्यात खाडीची वाळू आणि फरशी ग्रॅनाइटची, असं मिश्रण असेल तर अंदाज बांधू नका, स्रोत काढून चोवीस तासांचा वर्णपट घ्या. किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत मुख्यतः इल्मेनाइट आहे, केरळातल्या चवरा भागासारखा मोनाझाइटचा (थोरियम असलेल्या खनिजाचा) भरणा नाही. तरी वजन म्हणून त्या वाळूच्या पिशव्या शील्डजवळ नकोत.

आणि पाऊस. मृगाची जोरदार सर आली की हवेतली रेडॉनची अपत्यं थेंबांबरोबर जमिनीवर उतरतात. शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ यांचे अर्धायुष्यकाल २७ आणि २० मिनिटांचे, त्यामुळे ३५२, ६०९, ११२०, १७६४ या रेषा सरीबरोबर चढतात आणि पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत उतरतात. जुलैमध्ये थांबून थांबून पडणारा पाऊस असेल तर पार्श्वभूमी दिवसभर खालीवर होत राहते. सकाळी घेतलेली पार्श्वभूमी दुपारच्या मापनातून वजा केली की वजाबाकीतच बनावट सिग्नल निघतो. म्हणून स्रोत-आत आणि स्रोत-बाहेर असे अर्ध्या-अर्ध्या तासाचे फेरे आलटून पालटून घ्या, पर्जन्यमापकाची नोंद डेटासोबत ठेवा आणि १७६४च्या खिडकीचा दर सतत काढत राहा. तो दर चढला की तो फेरा बाजूला काढायचा. किती चढला म्हणजे बाजूला काढायचा, तो आकडा मापनाआधी ठरवा.

शील्ड: ५ सेंमी शिसं १४६१ला सुमारे विसावा हिस्सा करतं, २६१४ला अकरावा-बारावा. १० सेंमी मिळालं तर उत्तम, पण टेबल तपासा. आतून १-२ मिमी तांब्याचा पत्रा लावा, नाहीतर शिशाचे ७५-८५ केईव्हीचे क्ष-किरण ५०च्या उंबरठ्याच्या वर नोंदले जातात.

काजूबोंडू

शिशाच्या विटा महाग आहेत. जाळ्याला लावायची शिसं बंदरावर किलोवर मिळतात. ती पेटीत भरून चालतील?

जांभ्याची_भिंत

चालतील, हिशेब बदलेल. गोळ्या कशाही भरल्या तरी जागेचा साठेक टक्के भाग शिशाचा, उरलेली हवा. घनता ११.३ऐवजी ७च्या आसपास धरा. ५ सेंमी भरीव शिशाचं काम करायला ८ सेंमी जाडीचा थर लागेल. गोळ्या वेड्यावाकड्या बसतात म्हणून सरळ आरपार फटी राहत नाहीत, तो त्यांचा फायदा. प्लायच्या दुहेरी पेटीला बाहेरून लोखंडी पट्ट्या मारा. दोन-अडीचशे किलोंच्या दाबाने नुसता प्लाय फुगतो आणि मग खाली फट पडते.

भंगारातल्या शिशात शिसं-२१०ची किरणोत्सारिता असू शकते. त्याची ४६.५ केईव्हीची रेषा आपल्या उंबरठ्याखाली आहे, त्यामुळे इथे फारसं अडत नाही. वापरलेल्या शिसांना मीठ असतं, गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय डिटेक्टरजवळ नेऊ नका. आणि वितळवून विटा पाडायचा उद्योग विभागात करायचा नाही. धूर विषारी असतो.

खारा_वारा

इलेक्ट्रॉनिक्सची बाजू.

१. व्हेटो, म्हणजे बाकीच्या स्फटिकांत काही दिसलं की घटना बाद करणं, हार्डवेअरमध्ये लावू नका. आठही चॅनेल सुटे नोंदवा, वेळेचे शिक्के घ्या आणि टॅग-व्हेटो नंतर संगणकावर ठरवा. हार्डवेअरने टाकून दिलेली घटना परत तपासता येत नाही.

२. या प्रयोगातला सगळ्यात घातक दोष म्हणजे झोपलेला व्हेटो. म्युऑन (वैश्विक किरणांतला कण) तीन इंच सोडियम आयोडाइडमधून उभा गेला की ३५ एमईव्हीच्या आसपास ऊर्जा टाकतो. प्रीॲम्प संपृक्त होतो, पायारेषा (स्पंद नसतानाची पातळी) खाली जाते आणि पुढचे काही मायक्रोसेकंद ५०-१०० केईव्हीचा स्पंद उंबरठा ओलांडतच नाही. नेमका तेव्हा १३३२ आला तर तो 'हरवला'. असे म्युऑन प्रत्येक स्फटिकात जवळजवळ दर सेकंदाला एक येतात. उपाय: प्रत्येक टॅगबरोबर सगळ्या व्हेटो चॅनेलची आधीची पायारेषा नोंदवा आणि ती सरकलेली असेल तर तो टॅग रद्द. मोठ्या स्पंदानंतरचे २० मायक्रोसेकंद सरसकट टाकले तरी एकूण वेळेचं नुकसान नगण्य आहे.

३. प्रत्येक स्फटिकावर सेकंदाला दहा स्पंद देणारा एलईडी किंवा पल्सर लावा. किती दिले, किती नोंदले गेले, यावरून चॅनेल खरोखर किती वेळ जागा होता ते कळतं. डिजिटायझरच्या सॉफ्टवेअरने दाखवलेला डेड टाइम (नोंद न झालेला वेळ) पुरेसा नाही.

४. वेळेची खिडकी: सोडियम आयोडाइडचा प्रकाश सुमारे २५० नॅनोसेकंदांत ओसरतो, सीझियम आयोडाइडचा त्याच्या चौपट आणि शिवाय लांब शेपटी. पहिल्याला अधिक-उणे २०० नॅनोसेकंद चालतात, दुसऱ्याला दोन मायक्रोसेकंद लागतात. खिडकी रुंद ठेवली तर योगायोगाने आलेला दुसरा गामा खरी हरवलेली घटना झाकतो. ५ किलोबेकरेलला दोन मायक्रोसेकंदांत हे प्रमाण एक टक्का, ते गणिताने दुरुस्त करता येतं. अरुंद ठेवली तर उशिरा आलेले लहान स्पंद सुटतात आणि खोटा सिग्नल होतो. म्हणून रुंदच बरी.

५. हवा. सोडियम आयोडाइड ओल शोषून पिवळं पडतं, विभेदन ७वरून १० टक्क्यांकडे सरकायला लागलं की डब्याच्या सीलवर संशय घ्या. किनाऱ्यावर त्याआधी जॉइंट दगा देतात. खारी ओल बसलेल्या हाय व्होल्टेज कनेक्टरवरून गळती प्रवाह वाहतो आणि उंबरठ्याजवळ कडकडाटी गोंगाट येतो. हा गोंगाट व्हेटोत पडला तर खरे सिग्नल मारतो, टॅगमध्ये पडला तर खोटे बनवतो. कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, शील्डच्या पेटीत सिलिका जेल ठेवा आणि ते रंग बदलल्यावर भाजून परत वापरा. डीह्युमिडिफायर चोवीस तास चालू. एसी फक्त दिवसा चालवू नका, तापमान तासाला पाच-सहा अंशांहून जास्त बदललं तर स्फटिकाला तडा जाऊ शकतो.

६. वीज. वादळात लाइन गेली आणि आली की हाय व्होल्टेज एकदम चढता कामा नये. ऑनलाइन यूपीएस घ्या, चौकोनी लहरीच्या घरगुती इन्व्हर्टरचा गोंगाट थेट पायारेषेत दिसतो. लाइट परत आल्यावर तासभर डेटा टाकून द्या, तोवर फोटोमल्टिप्लायरचा गेन सरकत असतो.

दुर्बीणवाला

वाचतोय. एक शंका: यातून ॲक्सिऑनवरही (कृष्णद्रव्यासाठी सुचवलेल्या एका काल्पनिक हलक्या कणावरही) मर्यादा लावता येईल ना? सूर्यातल्या लोह-५७च्या १४.४ केईव्हीच्या ॲक्सिऑनचा प्रस्ताव जुना आहे.

अर्धायुष्य

या संक्रमणातून नाही. निकेल-६०ची १३३२ची पातळी २-धन, मूळ पातळी ०-धन (आकडा स्पिनचा, धन ही समता, म्हणजे आरशातली सममिती), गामा शुद्ध ई-२ (विद्युत चतुर्ध्रुवी). केंद्रकांशी जुळणारा स्केलर कण दोन एकक कोनीय संवेग घेऊन इथून निघू शकतो, समता जुळते. ॲक्सिऑन छद्म-स्केलर आहे, त्याची समता उलटी पडते, म्हणून केंद्रकातून थेट ॲक्सिऑन निघायला इथे बंदी आहे. त्याला एम-१ (चुंबकीय द्विध्रुवी) संक्रमण लागतं. लोह-५७चं १४.४ तसंच आहे आणि मोरियामाने १९९५मध्ये सौर ॲक्सिऑनसाठी तेच सुचवलं होतं. पण हरवलेल्या गामाच्या पद्धतीला ते निरुपयोगी: त्या संक्रमणात दर गामामागे आठ-नऊ वेळा अंतर्गत रूपांतरण होतं, म्हणजे गामा न दिसणं हीच तिथली रीत.

टेक्सासवाल्यांनी वेगळी वाट दाखवली आहे: आधी निघालेला गामाच वाटेत पदार्थात ॲक्सिऑनसदृश कणात बदलतो. ते कोबाल्टनेही बघता येतं, पण मर्यादा काढायचं गणित वेगळं.

आपल्या प्रयोगाची वस्तुमान-मर्यादा मात्र सरळ आहे, १.३३ एमईव्हीहून जड कण यातून निघणार नाही. आणि तो कण म्हणजेच सगळं कृष्णद्रव्य असंही नाही. कृष्णद्रव्य आणि आपलं द्रव्य यांना जोडणारा मध्यस्थही असू शकतो.

ओल्या_वाळूत

गामा हरवण्याऐवजी नको तिथे सापडावा, अशीही एक पद्धत आहे. टँटलम-१८०चा समघटक, म्हणजे त्याची फार काळ टिकणारी उत्तेजित अवस्था. नैसर्गिक टँटलममध्ये फक्त ०.०१२ टक्के, ऊर्जा ७७ केईव्ही, स्पिन ९. मूळ पातळीचं स्पिन १ आणि तिचा अर्धायुष्यकाल आठ तास, पण उत्तेजित पातळी मात्र कधी क्षय पावलेली कुणी पाहिली नाही. एवढा स्पिन-फरक एका गामाने उतरवणं जवळपास अशक्य. जड पण पदार्थाशी जोरात टकरणारं, त्यामुळे पृथ्वीत शिरून मंदावलेलं कृष्णद्रव्य या केंद्रकाला धडकलं तर ते खाली उतरू शकेल, असं पोस्पेलोव्ह, राजेंद्रन आणि रमणी यांनी सुचवलं. मग हाफ्नियम आणि टंगस्टनच्या ओळखीच्या गामा रेषा शोधायच्या.

मायोराना डेमॉन्स्ट्रेटर या प्रयोगाने १७ किलोंहून अधिक टँटलम जर्मेनियम डिटेक्टरांमध्ये ठेवून २०२३मध्ये १.५ गुणिले १० चा १९वा घात वर्षांपर्यंतच्या मर्यादा दिल्या. १७ किलोंत कामाचा समघटक असतो दोन ग्रॅम! त्या अर्धायुष्याला वर्षभरात तीनशेच्या आसपास क्षय होतील, आणि त्यांतले थोडेच डिटेक्टरपर्यंत पोचणार. कॉलेजात हे शक्य नाही. देशात अशा कामाला जागा म्हणजे जादुगुडाच्या खाणीतली ५५० मीटर खोलीवरची साहा इन्स्टिट्यूटची प्रयोगशाळा.

सिंधुदुर्गी

म्हंजे कॉलेजात चार डबे मांडून हाताक काय लागतला? खरां सांगा.

अर्धायुष्य

खरं सांगायचं तर मर्यादा. गळती ६० टक्के असली तरी ती ६० की ५८, हे किती खात्रीने सांगता येतं त्यावर ती मर्यादा ठरते. गळतीचा अंदाज दोन टक्क्यांनी बरोबर असेल तर 'शंभरातून एखाददुसऱ्याहून जास्त गामा अदृश्य होत नाहीत' एवढंच म्हणता येईल. अंतर्गत रूपांतरणाचा तळ त्याच्याही शंभरपट खाली आहे. चार डब्यांनी नवं भौतिक सापडणार नाही.

पण तीच गळती जिएंट-४मध्ये (कणांचा पदार्थातला प्रवास संगणकावर मांडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) नीट बसवली तर वीसेक किलो सीझियम आयोडाइड मिळाल्यावर काय होईल ते आधी सांगता येतं, आणि अनुदानाच्या अर्जात तोच आलेख लागतो. बसवताना तीन जागा हमखास चुकतात. पहिली: कोबाल्टचे दोन गामा एकमेकांपासून स्वतंत्र दिशांनी जात नाहीत, १८० अंशांत ९० अंशांपेक्षा सुमारे १७ टक्के जास्त जोड्या निघतात, आणि जिएंट-४मध्ये हा कोनीय सहसंबंध मुद्दाम चालू करावा लागतो. दुसरी: स्फटिकाभोवतीचा ॲल्युमिनियमचा डबा, परावर्तक पूड आणि मागची काच ही मृत जाडी. उत्पादकाच्या रेखाचित्रातली मापं घाला, डबा बाहेरून मोजून नाही. तिसरी: चकतीची जागा. ५ मिमीच्या फटीत १ मिमी इकडेतिकडे झाला तरी घनकोन दोन-तीन टक्के हलतो, म्हणजे वरची सगळी दोन टक्क्यांची खात्री तिथेच संपली. ॲक्रिलिकचा खाचा असलेला धारक लेझरने कापून घ्या, चिकटपट्टीवर भागवू नका.

भरतीओहोटी

क्रम असा धरतोय: आधी स्रोताशिवाय दोन दिवस, मग सोडियम-२२ने ५११-५११ टॅग लावून १२७४ची गळती, ती जिएंट-४शी जुळवायची, त्यानंतरच कोबाल्ट. सोडियम-२२ला ५११ पकडायला दोन स्फटिक समोरासमोर गुंततात, व्हेटोला दोनच उरतात. गळतीची तुलना मग कशी करायची?

अर्धायुष्य

थेट तुलना करायचीच नाही. दोन्ही मांडण्यांसाठी एकच जिएंट-४ प्रतिकृती, एकच मृत जाडी, एकच उंबरठा. सोडियमवर त्या तीन गोष्टी जुळवा, मग हात न लावता कोबाल्टचं भाकीत काढा. भाकीत लिहून विभागप्रमुखांकडे द्या आणि मगच कोबाल्टचा ११७३-टॅग डेटा उघडा. ५११चे स्फटिकही व्हेटोत मोजता येतात: त्यांच्यात ५११हून जास्त पडलं तर १२७४चा काही भाग तिथे आला असं धरा. फक्त तिथला उंबरठा ५० नाही, शिखराच्या वरच्या कडेपासून, म्हणजे ५६० केईव्हीच्या पुढे घ्या.

खारा_वारा

आणि हे ऑक्टोबरनंतर सुरू करा. पावसाळ्यात मांडणी, कनेक्टर, पल्सरच्या चाचण्या आणि जिएंट-४ उरकून घ्या. रेडॉनच्या फेऱ्यांचा सराव करायला मात्र जुलैसारखा महिना नाही.